लेंटचा तयार संच: गटाने एकत्र पाळण्यासाठी कितपत उपयोगी?

घरगुती प्रार्थनागटासाठी लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा, तयार संच घ्यावा का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. घ्यावा. शास्त्रवाचनाची पद्धत, रात्रीची आत्मपरीक्षणाची प्रार्थना आणि क्रुसाच्या वाटेची (येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांची) चित्रं, एवढ्या तीन गोष्टींसाठीसुद्धा तो घेण्यासारखा आहे. मात्र त्यात 'माझा आठवडा' नावाचं एक हिशेबाचं पान आहे, ते गटात वापरू नका. का, ते पुढे सविस्तर सांगते. एकत्र उपवासकाळ पाळणं जमणार की फसणार, हे माझ्या मते त्या एका पानावर ठरतं.

संचाचं नाव मुद्दाम देत नाही. या धर्तीचे संच अनेक जण काढतात, रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते, आणि मी म्हणतेय ते त्यातल्या कुठल्याही संचाला लागू पडेल. आमच्या संचात प्रत्येकासाठी एक पुस्तिका, गट चालवणाऱ्यासाठी वेगळी मार्गदर्शिका, चौदा चित्रं, काही ध्वनिमुद्रणं आणि रोज आठवण करून देणारं ॲप असं सगळं येतं. पुस्तिकेचं अक्षर मोठं आहे आणि समास रुंद सोडलाय, त्यामुळे ज्यांना लिहायचंय त्यांना तिथल्या तिथे लिहिता येतं.

आमचा गट लहान, पण सरमिसळ आहे. मी प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) वाढले. तिथे गुड फ्रायडे आणि ईस्टर मोठे. आधीचे चाळीस दिवस ज्याने त्याने आपल्या परीने पाळायचे. दोघी कॅथलिक आहेत, नात्याने सासू-सून. एक जोडपं ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेतलं आहे. शिवाय एक काका आहेत, ज्यांच्या मंडळीत लेंट पाळतच नाहीत. 2025 साली पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा ईस्टर एकाच दिवशी, 20 एप्रिलला आला होता, म्हणून आम्हाला सगळं एकत्र करता आलं. दरवर्षी तसं जमत नाही, आणि संचात वेळापत्रक एकच, पश्चिमेकडचं. तुमच्या गटात ऑर्थोडॉक्स कुणी असतील तर आधीच तारखा जुळवून बघा.

काकांमुळे पहिल्याच बैठकीत संचाची एक उणीव समोर आली. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिलंय की सगळे ख्रिस्ती लोक पहिल्यापासून लेंट पाळत आलेत. चाळीस दिवसांची प्रथा फार जुनी आहे यात वाद नाही. 325 साली बिशपांची निकिया परिषद भरली, तिच्या पाचव्या नियमात या काळाचा उल्लेख येतो, तोही सगळ्यांना आधीपासून माहीत असल्यासारखा. पण 'सगळे' म्हणणं बरोबर नाही. 1522 च्या लेंटमध्ये झुरिकला फ्रोशाउअर नावाच्या मुद्रकाच्या घरी काही जणांनी, मांस वर्ज्य असताना, मुद्दाम सॉसेज खाल्लं. तिथला धर्मसुधारक झ्विंग्ली हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचनातून त्यांची बाजू घेतली: देवाने बंधन घातलं नाही तिथे माणसाने घालू नये. काकांची मंडळी त्याच विचारातून आलेली आहे. त्यांचा प्रश्न सरळ होता, "हे करायलाच हवं, असं कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं, आणि मला तसंच वाटतं. हे देवाला खूश करायला नाही, आपला कान उघडायला करायचं. काका राहिले. पण हे उत्तर प्रस्तावनेत असायला हवं होतं. प्रत्येक गट चालवणाऱ्याला ते ऐनवेळी सुचेलच असं नाही.

दिवसांच्या मोजणीतही गोंधळ आहे. राखेच्या बुधवारपासून (लेंटचा पहिला दिवस) पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) मोजले तर 46 दिवस होतात. पाश्चात्त्य परंपरेत रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस. ते सहा वगळले की चाळीस उरतात. पुस्तिकेत हेच गणित आहे, आणि रविवारी वाचायला एक स्तोत्र आणि कोरं पान दिलंय, जे मला फार आवडलं. ॲप मात्र रविवारही मोजतं. त्यामुळे पहिल्या सोमवारी पुस्तिकेत पाचवा दिवस आणि फोनवर सहावा. दर आठवड्याला अंतर एकेक दिवसाने वाढत जातं, आणि झावळ्यांच्या रविवारी ॲप जाहीर करतं की तुमचे चाळीस दिवस पूर्ण झाले. नेमका ईस्टरआधीचा पवित्र आठवडा सुरू होताना! माझी नोकरी पाळीची आहे, मला फोनवरच्या आठवणीची खरोखर गरज होती. तरी मी ते बंद करून साधा गजर लावला. तुम्हीही तेच करा.

आता चांगल्या गोष्टींकडे येते. संचाचं खरं बळ आहे ते एकत्र शास्त्रवाचनात. पद्धत मठांमधली आहे, लेक्सिओ डिव्हिना. बाराव्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे नुसतं शांत बसणं. मार्गदर्शिकेत ती गटासाठी फार समंजसपणे बसवली आहे. एकच उतारा चार वेळा वाचायचा, दर वेळी वाचणारा वेगळा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. दुसऱ्या वाचनानंतर मनात अडकलेला शब्द किंवा ओळ ज्याला सांगावीशी वाटेल त्याने सांगायची, बस्स. स्पष्टीकरण द्यायचं नाही, दुसऱ्याने प्रश्न विचारायचा नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. तिसऱ्यानंतर एका वाक्याची प्रार्थना. चौथ्यानंतर शांतता.

सल्ला द्यायचा नाही, हा नियम आमच्यासारख्यांना किती जड जातो हे पहिल्या संध्याकाळी कळलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातला परूशी (कर्मठ धर्मनिष्ठ) आणि जकातदाराचा दाखला होता. एकाने ओळ सांगितली की दुसऱ्याच्या ओठांवर लगेच "त्याचं काय आहे ना..." येत होतं. मार्गदर्शिकेत म्हटलंय की अशा वेळी चालकाने काही न बोलता हात किंचित वर करावा. मी तसं केलं, आणि खोली हळूहळू शांत होत गेली. मग आमच्यातल्या एका तरुणाने, जो एरवी कोपऱ्यात बसून फक्त ऐकतो, एवढंच म्हटलं, "दूर उभा राहून." जकातदार मंदिरात दूर उभा राहतो, ती ओळ. कुणी काही विचारलं नाही. पुढे बऱ्याच आठवड्यांनी त्याने आपणहून सांगितलं की तो उपासनेला येतो पण दाराजवळच्या बाकावर बसतो आणि शेवटच्या गीताआधी निघून जातो. का, तेही सांगितलं. ते इथे लिहिणार नाही. पहिल्या दिवशी कुणी "म्हणजे काय रे?" विचारलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं, याची मला खात्री आहे. पद्धतीचा आदर ठेवला की माणसाला आपल्या वेळेने बोलता येतं.

याच्या अगदी उलट काम 'माझा आठवडा' हे पान करतं. त्यावर डावीकडे आपण सोडलेली गोष्ट लिहायची, रोजच्या चौकटीत खूण करायची, आणि आठवड्याच्या बैठकीत पान वाचून दाखवायचं. हेतू वाईट नाही. एकमेकांना धीर मिळावा, कुणी मागे पडू नये, असं त्यामागे असेल. प्रत्यक्षात दुसऱ्याच आठवड्यात बोलण्याचा सूर बदलला. कुणी चहा सोडला, कुणी गोड सोडलं, कुणी मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि कुणाचं अवघड, कुणाचं सोपं याची तुलना न बोलताही सुरू झाली. ज्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या ते पान घरी विसरू लागले. एक ताई तर यायच्याच बंद झाल्या. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने उपवासाबद्दल नेमकं हेच सांगितलंय: तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस, गुप्तवासी पित्याला ते दिसतं. राखेच्या बुधवारी हाच उतारा वाचला जातो. तो वाचून झाल्यावर आठवड्याने एकमेकांना खुणा दाखवायच्या, हे माझ्या मनाला पटेना.

मग एकत्र काय करायचं आणि एकट्याने काय? यावर उत्तम मार्गदर्शन सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या नियमावलीत सापडतं, आणि संच काढणाऱ्यांनी ते वाचलेलं असावं, कारण मार्गदर्शिकेत त्याचं नाव येतं. नियमावलीच्या 49 व्या अध्यायात तो लेंटबद्दल लिहितो. खाणं, पिणं, झोप, बडबड यांतलं काहीतरी प्रत्येकाने स्वेच्छेने आणि आनंदाने कमी करावं. पण काय करणार आहोत ते मठाधिपतीला सांगून त्याच्या संमतीने करावं. म्हणजे एकाच माणसाला सांगायचं, सगळ्या मठाला नाही. एकालाही न सांगता केलं तर अहंकार वाढायचा धोका. सगळ्यांसमोर केलं तरी तोच धोका. आणि आधीच्या, 48 व्या अध्यायात सांगितलंय की लेंटच्या सुरुवातीला प्रत्येकाला ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावं, आणि ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचावं. तेव्हा वाचन, प्रार्थना, मौन उघडपणे आणि एका वेळी. स्वतःचा त्याग एका विश्वासू माणसाच्या कानावर. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

आम्ही तेच केलं. पान बाजूला ठेवलं, प्रत्येकाने गटातला किंवा गटाबाहेरचा एकच माणूस निवडला, आणि आपलं ठरलेलं फक्त त्यालाच सांगितलं. न आलेल्या ताईंना मी फोन करून एवढंच कळवलं की ते पान आता नाही. त्या पुढच्या आठवड्यात आल्या.

ऑर्थोडॉक्स जोडप्याने यात एक भर घातली, ती मला संचातल्या कुठल्याही पानापेक्षा मोलाची वाटते. त्यांच्याकडे मोठ्या उपवासात (लेंटला ते असं म्हणतात) मांस, दूध, अंडी सगळ्यांनीच वर्ज्य करायची असतात. कमी-जास्त करायचं असेल तर आपल्या धर्मगुरूशी बोलायचं. त्यामुळे "तू काय सोडलंस?" हा प्रश्नच उभा राहत नाही, त्यांना तो आमच्याकडे पहिल्यांदा ऐकायला मिळाला. नियम सगळ्यांचा एक असेल तर माणसाला मिरवायलाही काही उरत नाही आणि लाजायलाही नाही. आम्ही मग गटासाठी एक छोटा सामायिक नेम ठरवला: शुक्रवारी एक वेळचं साधं जेवण, आणि दुपारी तीन वाजता जिथे असू तिथे दोन मिनिटं थांबणं. मी कामावर असताना हातमोजे काढून खिडकीशी उभी राहायचे. त्याच वेळी बाकीचेही कुठे ना कुठे उभे आहेत, हे ठाऊक असणं पुरेसं होतं. नंतर कुणी कुणाला विचारायचं नाही.

त्यांच्याच परंपरेतला क्षमेचा रविवार संचात अर्ध्या पानात उरकलाय, हे मला खटकलं. मोठा उपवास सोमवारी सुरू होतो. आदल्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर प्रत्येक जण प्रत्येकासमोर वाकून क्षमा मागतो आणि देतो. 2025 साली तो रविवार 2 मार्चला होता, राखेच्या बुधवारच्या तीन दिवस आधी. जोडप्याने आम्हाला रांग कशी करायची ते दाखवलं. पहिला माणूस दुसऱ्यासमोर येतो, मग तिसऱ्यासमोर, आणि त्याच्यामागून दुसरा निघतो, म्हणजे कुणीही सुटत नाही. रांगेत सासू-सून समोरासमोर आल्या तेव्हा सुनेने आधी डोकं टेकवलं, "आई, मला क्षमा करा." सासूबाईंना उत्तर द्यायला वेळ लागला. रांग थांबली, सगळे थांबले. मग त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले आणि स्वतःही वाकल्या. चाळीस दिवसांत पुढे जे काही झालं त्याची मशागत त्या संध्याकाळी झाली, असं मी मानते. कुठलाही संच घ्या, पण सुरुवात इथून करा, राखेपासून नको.

उपवासाचं पान जबाबदारीने लिहिलंय, याचं मनापासून कौतुक. कॅथलिक नियम नेमका दिलाय: राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास, तो 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, मांसवर्ज्य मात्र 14 पासून पुढे. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, आजाऱ्यांनी आणि खाण्याशी ज्यांचं नातं कधीकाळी बिघडलेलं होतं अशांनी अन्नाचा उपवास करू नये, हे ठळक अक्षरांत पहिल्याच ओळीत आहे. आणि त्यांना हलकं काहीतरी दिलंय असं नाही, मौनाचा किंवा जागरणाचा नेम तितक्याच मानाने दिलाय. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. श्रद्धेपोटी गोळ्या चुकवून आलेल्यांचे साखरेचे आकडे मी पाहिलेत. हे पान प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर लावायला हवं.

रात्रीची प्रार्थना म्हणजे जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची एक्झामेन, आत्मपरीक्षण: दिवसाबद्दल आभार, प्रकाशाची याचना, दिवसाचा मागोवा, चुकलेल्याची क्षमा, उद्याचा विचार. मजकूर उत्तम, आवाजही उबदार, पण थांबे फार आखूड आहेत. "आता दुपार आठवा" म्हटल्यावर दुपार डोळ्यांसमोर यायच्या आत पुढची सूचना. दोन दिवस ऐकून पायऱ्या पाठ करा आणि मग ध्वनिमुद्रणाशिवाय करा.

क्रुसाच्या वाटेच्या चित्रांत त्यांनी एक विचारपूर्वक निवड केलीय. चौदा स्थानकांची, म्हणजे प्रार्थनेच्या थांब्यांची, रूढ संख्या 1731 साली पोप क्लेमेंट बारावे यांनी पक्की केली. त्यातली काही स्थानकं, येशूचं तीन वेळा पडणं किंवा त्याचा चेहरा पुसणारी वेरोनिका, शुभवर्तमानांत सापडत नाहीत. संचात ती न घेता पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेपासून वापरात आणलेली शास्त्राधारित वाट घेतली आहे, जी गेथशेमाने बागेत सुरू होते. मिश्र गटाला हे सोयीचं. काकासुद्धा निःशंकपणे सामील झाले, कारण प्रत्येक थांब्याला वचन होतं. आमच्या कॅथलिक सासूबाईंना मात्र वेरोनिकाची उणीव जाणवली. "चेहरा पुसणारं कुणीच नाही का?" असं त्या म्हणाल्या. आम्ही त्यांच्यासाठी एक थांबा वाढवला, आणि तिथे त्यांनीच प्रार्थना केली. चित्रं रेखाचित्रं आहेत, अनावश्यक रक्त न दाखवणारी, येशूला ओळखत नाही असं म्हणणाऱ्या पेत्राचं तर फारच सुंदर. पण आकार हाताच्या तळव्याएवढा. भिंतीला लावली की मागच्या माणसाला काही दिसत नाही.

सगळ्यात कमकुवत भाग दानाचा. प्रार्थना, उपवास आणि दान अशी लेंटची तीन अंगं पुस्तिकेतच सांगितली आहेत, आणि मग दानासाठी यशया 58 मधलं एक वचन छापलेलं पाकीट, बाकी काही नाही. त्या अध्यायात तर देव म्हणतो की भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा द्यावा, निराश्रिताला घरी आणावं, हाच मला पसंत असलेला उपास. जेवण वगळून वाचलेलं कुणाच्या ताटात जाणार, हे ठरवल्याशिवाय उपवास अर्धा राहतो. आम्ही पाकिटांऐवजी एक कापडी पिशवी फिरवली. प्रत्येकाने मूठ मिटून आत हात घालायचा, मुठीत काही असो वा नसो. कुणी किती दिले ते कुणालाच कळत नाही, आणि ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नाही त्याचाही हात पिशवीत जातो. कुणाला द्यायचं ते मात्र सगळ्यांनी बसून ठरवलं.

मागवताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुस्तिका प्रत्येकी एक लागते, जोडप्यालासुद्धा दोन, कारण समासात लिहिलेलं खासगी असतं. मार्गदर्शिका मात्र गटाला एक पुरते. आणि संच राखेच्या बुधवारच्या निदान दोन आठवडे आधी हातात हवा, म्हणजे चालकाला तो स्वतः वाचून घेता येतो.

2026 साठी आम्ही हाच संच पुन्हा वापरणार आहोत. त्या वर्षी राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला आहे, ऑर्थोडॉक्स उपवास मात्र 23 फेब्रुवारीच्या सोमवारी सुरू होतो आणि त्यांचा ईस्टर आमच्यानंतर आठवड्याने, 12 एप्रिलला. क्षमेची संध्याकाळ बुधवारच्या आधी घ्यायची की त्यांच्याबरोबर 22 तारखेला, यावर बोलणं झालं. 22 ठरली. आमचे चार दिवस आधीच सुरू झालेले असतील, पण तो रविवार आहे, आणि रांग कशी करायची ते त्यांनाच नीट येतं.